फ्रिजमधला रिलिव्हर

आमच्या घरचा गिझर एक अख्खा हिवाळा फ्रिजमधून चालू-बंद होत असे.

हे वाक्य मी आजवर बऱ्याच लोकांना ऐकवलंय आणि प्रत्येकाने आधी माझ्या बायकोकडे पाहिलंय. शुभदा मान डोलावून "खरं आहे" म्हणते. मग लोक माझ्याकडे पाहतात. त्या नजरेची मला आता सवय झाली आहे.

सगळं सुरू झालं ते अण्णांपासून. अण्णा म्हणजे माझे वडील. खोपोलीकडच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं बॉयलर अटेंडंट होते, सरकारी परीक्षा देऊन मिळवलेलं सर्टिफिकेट होतं त्यांच्याकडे, आणि ते आमच्या घरात देवांच्या फोटोंच्या ओळीत लावलेलं असे. (लहानपणी मी त्यालाही नमस्कार करायचो. कुणी सांगितलंच नाही की हा देव नाही!) आई गेली आणि अण्णा आमच्याकडे नवीन पनवेलला राहायला आले. तिथे त्यांच्या वाट्याला आला बाथरूममधला पंधरा लिटरचा गिझर. हत्ती सांभाळलेल्या माणसाच्या हाती आम्ही मांजर दिलं होतं. पण अण्णांनी कुरकुर केली नाही. पहाटे पाचला उठायचे, खांद्यावर पंचा टाकायचे, गिझरचं बटण दाबायचे आणि नळाच्या पाइपवर तळहात ठेवून उभे राहायचे. पाणी मनासारखं झालं की बटण बंद, आणि मग हाक: "वसंता! पाणी तयार आहे, ऊठ!"

बारा वर्षं मी त्या हाकेवर उठलो. घड्याळाला गजर असतो हे मी विसरूनच गेलो होतो.

मग अण्णा विसरायला लागले. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांचं नाव, मग जेवलो की नाही ते. आणि एक दिवस गिझर. सकाळी लावलेलं बटण दुपारपर्यंत तसंच राहिलं. गिझरच्या आत पाणी जास्त तापलं की वीज तोडणारा एक थर्मोस्टॅट असतो, तो आमचा कधीच मेला होता. शुभदाने हात धुवायला नळ सोडला आणि मनगटापासून कोपरापर्यंत भाजली. अण्णा बर्फाचं भांडं घेऊन संध्याकाळपर्यंत तिच्या मागेमागे फिरत होते.

"माझ्या हातून झालं का रे?" त्यांनी विचारलं.

"नाही अण्णा. गिझर बिघडलाय."

दहा मिनिटांनी पुन्हा, "माझ्या हातून झालं का रे?" मी पुन्हा "नाही." असं किती वेळा झालं कोण जाणे. एकतीस वर्षांत ज्याच्या बॉयलरवर एकाही माणसाला चटका बसला नाही, त्या माणसाला मी खोटं सांगत होतो, आणि त्याला ते कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मी जवळच्या नेरे गावच्या बाळाराम इलेक्ट्रिशियनला बोलावलं. आमच्या सेक्टरमधली निम्मी वायरिंग त्याच्या हातची. त्याने गिझर उघडला, आत डोकावला आणि म्हणाला, "साहेब, आतला थर्मोस्टॅट उडलाय. त्यो बदलला का झालं. अर्ध्या तासाचा काम हाय."

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. शहाण्या माणसाच्या घरी संपलीच असती. पण मी त्याच वर्षी ग्लासगोला जाऊन आलो होतो! माझी धाकटी बहीण विद्या तिथे असते. तिच्या दिवाणखान्यात एक पांढरी डबी होती. त्या डबीवर आकडा फिरवला की स्वयंपाकघरातला बॉयलर आपोआप धडधडायला लागायचा. मध्ये तार नाही, काही नाही. पंधरा दिवस मी त्या डबीशी खेळलो. विद्या नवीन बसवणार होती, म्हणून जुनी मी, तिचा निरोप घेणाऱ्या बॉयलरजवळच्या खोक्यासकट, मागून घेतली आणि स्वेटरमध्ये गुंडाळून पनवेलला आणली. विमानतळावर ती काय आहे हे तीन वेळा समजावून सांगावं लागलं. (तेव्हाच मी नीट समजून घेतलं असतं तर!)

"आपल्याला साधा थर्मोस्टॅट नको," मी बाळारामला म्हणालो. "हे बसवायचंय. वायरलेस."

बाळारामने डबी उलटसुलट करून पाहिली. "बसवतो आमी. गिझरचा लोड मोटा हाय, मंदी कॉन्टॅक्टर, म्हंजे मोटा स्विच, टाकायला लागंल. पन साहेब, ही डबी पान्यात बुडवायची का कुटं लावायची? हिला पानी तापला ह्ये समजनार कसा?"

"अरे, परदेशातली आहे ती. तिला समजतं," मी म्हणालो.

रविवारी यंत्र बसलं. निरोप घेणारं खोकं गिझरशेजारी भिंतीवर, आणि डबी दिवाणखान्यात टीव्हीजवळ. अण्णांनी चुकून हात लावू नये म्हणून गिझरचं जुनं बटण मी काढूनच टाकलं आणि तिथे कोरी पट्टी ठोकली. शुभदाने यंत्राला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. अण्णा बाथरूमबाहेर प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून सगळं पाहत होते.

"नवीन माणूस ठेवलास?" त्यांनी विचारलं.

"हो अण्णा. आता तुम्ही आराम करायचा. तुमचा रिलिव्हर आलाय, थेट विलायतेहून!"

मी विनोद केला होता. बाळारामसुद्धा हसला. अण्णा मात्र हसले नाहीत. "सर्टिफिकेट बघितलंस का त्याचं?" एवढंच म्हणाले. ते थट्टा करतायत की विसरतायत, हे त्या दिवसांत आम्हाला कधी ओळखता आलं नाही.

रिलिव्हर हा शब्द मी त्यांच्यासमोर काढायला नको होता. बॉयलरवर एक नियम असतो. शिफ्ट संपली म्हणून उठून जायचं नाही. पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलिव्हर, समोर येऊन उभा राहतो. जाणारा सांगतो, पाणी अर्धी काच (म्हणजे पातळी दाखवणारी काचेची नळी अर्धी भरलेली), प्रेशर बरोबर, सेफ्टी (जादा वाफ सोडणारा व्हॉल्व्ह) तपासली. येणारा स्वतः बघतो आणि म्हणतो, चार्ज घेतला. ते म्हटल्याशिवाय बॉयलर सोडायचा नाही, मग घराला आग लागो. विद्याच्या बारशाला अण्णांचा रिलिव्हर आला नव्हता. पाळण्यात मुलगी, गोविंद घ्या गोपाळ घ्या झालं, घुगऱ्या वाटून झाल्या, आणि अण्णा दुसऱ्या दिवशी दुपारी कोळशाने माखलेल्या तोंडाने घरी आले. आईने त्यांना त्याबद्दल बोलायचं तेवढं बोलून घेतलं, पण ते पुन्हा तसेच वागले असते.

आठ दिवसांनी नरक चतुर्दशी, आणि यंत्राचं उद्घाटन अभ्यंगस्नानानेच करायचं म्हणून तोवर आम्ही गार पाण्याने भागवलं होतं. पहाटे पाचला मी डबीवर आकडा लावला तीस, त्याहून वर तो जातच नव्हता. आम्ही दोघं अंगभर तेल चोपडून, उटणं लावून तयार. गिझर थंड! डबीच्या पडद्यावर एकतीस दिसत होते. ऑक्टोबरचा उकाडा अजून गेला नव्हता. मी बॅटऱ्या बदलल्या. डबी आपटली. डबी बाथरूममध्ये नेली, तर आकडा बत्तीस झाला आणि गिझर तसाच मुखस्तंभ. इंग्रजी माहितीपुस्तिका काढली; तेलकट बोटांनी तिची पानं एकमेकांना चिकटली. बाहेर फटाके सुरू झाले. "पहिली अंघोळ कुणाची?" म्हणून शेजारी विचारायला आले, तर त्यांना दारात मी दिसलो, पिवळा, चकाकणारा आणि हातात डबी धरलेला.

अण्णा स्टुलावरून म्हणाले, "बॉयलर बंद पडला की आधी पाणी बघायचं, मग आग बघायची. हा तुझा नवीन माणूस काय बघतो?"

"अण्णा, प्लीज! मला विचार करू द्या," मी ओरडलो.

शेवटी शुभदाने गॅसवर पातेल्यात पाणी तापवलं. दुपारी मी विद्याला फोन लावला.

"दादा, तुझ्या खोलीत तापमान किती आहे?"

"एकतीस."

"आणि लावलंयस किती?"

"तीस."

"मग ते कशाला चालू होईल? ते खोलीची हवा बघतं रे! खोली गार पडली की बॉयलर सुरू. त्याला वाटतंय तुमचं घर मस्त ऊबदार आहे."

"अगं, पण मला घर नाही, पाणी तापवायचंय! पनवेलमध्ये घर कोण तापवतं?"

मग विद्या म्हणाली, "मला वाटलं तुला आठवण म्हणून हवंय."

म्हणजे अण्णांनी नेमका प्रश्न विचारला होता, बाळारामनेही तोच विचारला होता, आणि एकटा मी तेवढा परदेश पाहिलेला! दुसऱ्या कुणी यंत्र काढून कपाटात टाकलं असतं. पण मी ऑफिसात सांगून बसलो होतो, सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगून बसलो होतो. आणि मग माझ्या डोक्यात तो विचार आला. खोली गार करता येत नाही, पण डबी तर गार करता येते!

मी आकडा वीसवर आणला आणि डबी फ्रिजमध्ये लोण्याशेजारी ठेवून उघड्या दारातून बघत उभा राहिलो. सात-आठ मिनिटांत बाथरूममध्ये 'खट्' झालं. गिझर चालू! मी नाचलोच. फ्रिजचं दार लावलं, आणि गिझर बंद. दार बंद झालं की डबीचा निरोप बाहेर पोचत नव्हता. मग दारात लाटणं अडकवून फट ठेवली. पुन्हा 'खट्'! पाणी तापलं की डबी बाहेर काढून ओट्यावर ठेवायची, ती हळूहळू गरम होते आणि गिझर बंद.

"म्हणजे बघा," शुभदा शांतपणे म्हणाली, "आधी भिंतीवरचं बटण दाबायचो. आता तेच बटण फ्रिजमध्ये ठेवतो, दारात लाटणं घालतो आणि दूध नासवतो."

"पण वायरलेस आहे," मी म्हणालो.

असं आम्ही जानेवारीपर्यंत चालवलं. पोळ्या लाटायला शुभदाने नवीन लाटणं आणलं. पाहुणे फ्रिज उघडून पाणी घ्यायला गेले की आत दिवा लुकलुकणारी डबी पाहून दार हळूच लावून घेत. (म्हणजे गिझर बंद!)

पण या सगळ्यात अण्णा स्टुलावरून उठेनात, हे आम्हाला हसू यायचं बंद झाल्यावर लक्षात आलं. पहाटे पाचला येऊन ते त्या कोऱ्या पट्टीवर बोटं फिरवायचे, जिथे पूर्वी बटण होतं. मग स्टुलावर बसायचे. नाश्त्याला बोलावलं तर, "बॉयलर सोडून कसा येऊ? चार्ज द्यायचाय." शुभदा ताट तिथेच आणून द्यायची. दुपारची झोप गेली. संध्याकाळचं बागेत जाणं गेलं. पाय सुजले. डॉक्टर म्हणाले, यांना आडवं व्हायला सांगा. मी सांगायचो, "अण्णा, सगळं ऑटोमॅटिक आहे आता, चला झोपायला." ते माझ्याकडे पाहत म्हणायचे, "मग तो येऊन चार्ज का घेत नाही?" त्यांना उचलून पलंगावर न्यावं लागायचं, आणि अर्ध्या तासात ते पुन्हा स्टुलावर. दोन महिन्यांत ते निम्मे झाले. मी गिझर वाचवला होता आणि अण्णा आमच्या डोळ्यांसमोर संपत होते.

जानेवारीत एका सकाळी डबी फ्रिजमधून गायब झाली.

ऑफिसला उशीर होत होता. मी अख्खा फ्रिज जमिनीवर काढला. कोथिंबीर, मिरच्या, ताकाचं पातेलं, इडलीचं पीठ. पीठ सांडलं. त्यात माझा पाय गेला. शुभदा भाजीच्या कप्प्यात शोधतेय, मी फ्रिजखाली टॉर्च मारतोय, आणि अण्णा स्टुलावर मफलर गुंडाळून बसलेत, दोन्ही हात छातीशी घट्ट. मला शंका आली. मफलर सोडवला, तर आत डबी. पडद्यावर चौतीस!

"गारठलं होतं रे पोर," अण्णा म्हणाले. "नवीन माणूस, परक्या मुलखातला. त्याला तुम्ही त्या बर्फात कोंडून ठेवता? असं करू नये. मी ऊब दिलीय, आता उठेल तो. उठला की चार्ज घेईल."

आणि मी त्यांच्यावर ओरडलो. पिठाने भरलेला पाय, टॉवेल गुंडाळलेला, हातात डबी, असा मी माझ्या वडिलांवर ओरडलो, "अण्णा, तुम्हाला काही म्हणजे काही कळत नाही आता!"

अण्णांनी मान डोलावली. "कळत नाही," ते म्हणाले, अगदी समजूतदारपणे, जणू मी त्यांना रोजचा निरोपच सांगितला होता. मी गार पाण्याने अंघोळ केली आणि ऑफिसला निघून गेलो. दिवसभर मला ते 'कळत नाही' ऐकू येत होतं.

संध्याकाळी आलो तर बाळाराम बाथरूमबाहेर उकिडवा बसलेला. शुभदाने बोलावलं होतं. अण्णा त्याला काहीतरी सांगत होते, आणि तो ऐकत होता. बारा वर्षांत मी अण्णांसमोर असा कधी बसलो नव्हतो.

मला पाहून तो उठला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, रागावू नका. बाबा सकालधरनं वाट बघतायत. त्यांचा चार्ज कोनी घेतलाच नाय."

"अरे, पण कोण घेणार? ती डबी आहे!"

"डबी कशाला घेल? तुमी हाव ना त्यांचं पोर? तुमी घ्या की. दोन शब्द बोलायचं हायत, त्याला काय वायर लागते काय?"

मला भयंकर लाज वाटली. मी बूट काढले, हातपाय धुतले आणि स्टुलासमोर जाऊन उभा राहिलो.

"अण्णा, रिलिव्हर आलाय. मी."

अण्णांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग भिंतीला धरून, सुजलेल्या पायांवर उभे राहिले. आवाज एकदम जुना, कारखान्यातला. "पाणी अर्धी काच. प्रेशर बरोबर. सेफ्टी तपासली. बघून घे."

मी गिझरच्या पाइपवर तळहात ठेवला. पाइप गार होता. "चार्ज घेतला," मी म्हणालो.

अण्णांनी खांद्यावरचा पंचा काढून माझ्या खांद्यावर टाकला, स्वतःच्या पायांनी खोलीत गेले आणि पलंगावर आडवे झाले. सलग अकरा तास झोपले.

बाळारामने तेव्हाच भिंतीवरचं यंत्र उतरवलं, गिझरमध्ये नवा थर्मोस्टॅट टाकला आणि जुनं बटण परत बसवलं. अर्धा तास लागला, त्याने ऑक्टोबरात सांगितला होता तेवढाच. आता विसरून दिवसभर चालू राहिलं तरी कुणाला भाजणार नव्हतं. पहाटे पाचला अण्णा माझ्याकडून चार्ज घ्यायचे, बटण दाबायचे, हाक मारायचे. संध्याकाळी जेवणं झाली की मला चार्ज द्यायचे. मधल्या वेळात जेवायचे, झोपायचे, बागेत जायचे. माझं नाव विसरले, 'वसंता'च्या जागी 'रिलिव्हर' म्हणायला लागले, पण चार्ज एकही दिवस चुकला नाही.

पुढच्या श्रावणात एका संध्याकाळी ते नेहमीसारखे समोर येऊन उभे राहिले. टीव्हीवर मॅच होती, शेवटची दोन षटकं. "पाणी अर्धी काच," त्यांनी सुरू केलं. मी पडद्यावरची नजर न काढता म्हणालो, "घेतला, घेतला, अण्णा. तुम्ही जा." ते क्षणभर थांबले. पंचा सोफ्याच्या पाठीवर ठेवला आणि झोपायला गेले.

पहाटे पाचला हाक आली नाही. मी जागा होतो, हाकेची वाट बघत पडून होतो. साडेपाचला शुभदा त्यांना बघायला गेली. अण्णा झोपेतच गेले होते.

मॅच कोण जिंकलं ते मला आठवत नाही. त्यांच्याकडे वळून बघितलं नाही, तेवढं आठवतं. लोक म्हणतात, किती शांत मरण आलं, भाग्यवान माणूस. मी मान डोलावतो. शिफ्ट संपवून गेले ते, पण मी चार्ज नीट उभं राहून घेतला नाही, हे कुणाला सांगू?

आता पाचला मीच उठतो. पंचा खांद्यावर टाकतो, बटण दाबतो आणि पाइपवर हात ठेवून उभा राहतो. गिझर तापून आपोआप बंद होतो, दिवा विझतो, तरी माझा हात निघत नाही. शुभदा आतून हाक मारते, "अहो, पाणी केव्हाच तापलं. किती वेळ उभे राहणार?"

"रिलिव्हर यायचाय," मी म्हणतो.

"मग फ्रिजमध्ये बघा!" ती म्हणते, आणि तिचा आवाजही जरा ओला असतो.

आणि खरं सांगतो, ग्लासगो पाहून आलेला मी, स्वयंपाकघरात जातो आणि फ्रिज उघडून बघतो.